ते ग्लिसरीन नव्हतं

बुधवार, २५ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मालिकेत मुंगी रडते तेव्हा तिच्या डोळ्यांना ग्लिसरीन लावतात. ते चूक आहे. मेकअपच्या पेटीत ग्लिसरीनची बाटली आहे हे खरं, पण ती मालिकेतल्या तिच्या आईसाठी, म्हणजे त्या नटीसाठी. मुंगीला आजपर्यंत एकदाही लावलेलं नाही. मी सोळा महिने रोज सेटवर असते, तेव्हा हे मला नक्की माहीत होतं, आणि तरी मी तसं लिहिलं.

तू सरळ विचारलं होतंस. "लॉजच्या टीव्हीवर माझी पोर रडताना पाहिली. ते पाणी बाटलीतलं नाही. तिला काय सांगता ते लिही. फोन करू नकोस, फोनवर तू आवाज गोड करून खोटं बोलतेस." इतक्या सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं होतं. आईने आपल्याला खाडाखोड करायला शिकवलंच नाही. घरच्या त्या शाळेत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एक अक्षर चुकलं की अख्खा कागद फाडायचा आणि नवा घ्यायचा. म्हणून हा नवा कागद.

मुंगीला सांगतात की स्टुडिओच्या पहारेकऱ्याचं पिल्लू गाडीखाली आलं. शॉटच्या आधी आपली आई तिच्यासमोर उकिडवी बसते, फ्रॉकची कॉलर सारखी करते आणि कानात चार शब्द सांगते. मग उठून कॅमेऱ्यामागे जाते. तेवढं होईपर्यंत दिग्दर्शकसुद्धा गप्प उभा राहतो. प्रकाशयोजनेची माणसं मुंगीला 'नळ' म्हणतात. "नळ आला का? चला, दिवे लावा." ती माणसं वाईट नाहीत. तिला बिस्किटंही देतात, आई बघत नसेल तेव्हा.

तू दुसरंही विचारलं होतंस. ती तुझी आठवण काढते का? नाही, काढत नाही. हे मी नीट आठवून लिहिते आहे.

तुझ्या वकीलबाईंना सगळं पहिल्यापासून लिहून हवं आहे, घरातल्या माणसाने लिहिलेलं, म्हणजे मुंगीला परत मागताना आई मुलांना कसं वागवते ते दाखवता येईल. लिहिते.

तू सात वर्षांची होतीस, मी चार. नाटकात तू अनाथ पोर. दुसऱ्या अंकाच्या शेवटी डॉक्टर दारातून बाहेर येऊन मान हलवतो आणि तू त्याच्या पायांना मिठी मारून रडतेस. पहिले पाच प्रयोग तू गळा काढून रडलीस, पण डोळे कोरडे. आईला ते खपलं नाही. सहाव्या प्रयोगाला तिने मला डाव्या विंगेत फळीवर निजवलं आणि पांढरी चादर डोक्यावरून ओढली. तू डॉक्टरच्या पायाशी बसलीस की बरोबर समोर मी दिसणार. तुझ्या कानात म्हणाली, "धाकटी गेली. अंक संपेपर्यंत तिकडे जायचं नाही."

त्या प्रयोगाला लोक उभे राहिले.

पडदा पडला की तू धावत यायचीस आणि माझ्या पोटात बोट खुपसायचीस. मी डोळे उघडायचे. दोन-तीन प्रयोगांत तुला खेळ कळला असणार. आईलाही ते कळलं. तेव्हा ती म्हणाली, "रोज खोटं असतं. एक दिवस खरं असेल. कोणता, ते तुला पडदा पडल्यावरच कळेल." मग पुढे कधी तुझे डोळे कोरडे राहिले नाहीत. तू नेहमी दोनशे प्रयोग म्हणतेस. मी आईच्या वहीत मोजले, सहाव्यापासून धरून दोनशे बारा आहेत. वकीलबाईंना दोनशे बारा सांग.

माझं काम सोपं होतं. हलायचं नाही, शिंकायचं नाही. घरी पाहुणे आले की आई म्हणायची, "थोरली रडते छान, पण धाकटी मरते ती बघत राहावी अशी." मी तेव्हा लाजून आत पळायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा.

तुझी,
धाकटी


गुरुवार, ५ मार्च

ताई,

तुझं पत्र मेकअपवाल्या काकूंनी पोचवलं. यापुढेही त्यांच्याच पत्त्यावर पाठव, घरी आई टपाल बघते.

"कुत्र्यासाठी पोर अशी रडत नाही. चादर कुणावर टाकता?" असं तू लिहिलं आहेस. बरोबर आहे. पिल्लू पहिले दहा दिवसच पुरलं. अकराव्या दिवशी ते स्वतःच शेपूट हलवत सेटवर आलं आणि मुंगीच्या पायाशी बसलं. सगळे हसले. आईही हसली. म्हणाली, "मेलं, इतकं साधं काम, तेही नीट करता येत नाही."

त्यानंतर चादर माझ्यावर टाकतात. मुंगीला सांगतात की मावशी गेली.

आता पुढचं. तुझ्या सिनेमाच्या दिवसांचं.

तू नऊ वर्षांची असताना पहिला सिनेमा मिळाला आणि पंधराव्या वर्षापर्यंत अकरा झाले. त्यातल्या आठांत तू आजारी मुलगी आहेस, दोनांत हरवलेली, एकात आंधळी. बाराव्या वर्षानंतर तीन वर्षं तू बाराचीच होतीस. आई रोज सकाळी तुझ्या छातीला सुती पट्टी गुंडाळायची. एक टोक माझ्या हातात असायचं आणि तू गोल गोल फिरायचीस. "ओढ गं, भाकड मेली, जोर नाही का हातात?" हे ती मला म्हणायची. मी जोर लावायचे. सिनेमातल्या तुझ्या आवाजाबद्दल मासिकात छापून आलं होतं की या मुलीच्या बोलण्यात एक दबलेलं कारुण्य आहे. तुला पुरता श्वास घेता येत नव्हता, ताई.

दुधाचंही लिहायला हवं. तुझं दूध दहाव्या वर्षी बंद झालं, उंची वाढते म्हणून. माझं चालू राहिलं, कारण माझ्या उंचीशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. मी माझा पेला तुझ्यासमोर बसून प्यायचे. मुद्दाम हळू प्यायचे, हे मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आता मुंगीची उंची कपाटाच्या दारावर पेन्सिलीने आखतात. निर्मात्याशी करार अजून तीन वर्षांचा आहे आणि त्यात गोष्ट फक्त एका वर्षाने पुढे जाणार आहे. गेल्या महिन्यात रेघ बोटभर वर गेली. तेव्हापासून तिचं दूध बंद आहे, अंडंही.

आणि हे. मी जेव्हा सात वर्षांची होते तेव्हाचं. गावोगावच्या दौऱ्यातला प्रयोग होता. पडदा पडला, तू आलीस, बोट खुपसलंस, आणि मी उठले नाही. तू पुन्हा खुपसलंस. मग तू चादर ओढलीस आणि माझ्या गालांवर चापट्या मारत राहिलीस. तू ओरडायला लागलीस तेव्हा माणसं जमली. मी नंतर सगळ्यांना सांगितलं की मला झोप लागली होती. तुलाही तेच सांगितलं, आणि तू अठरा वर्षं तेच धरून चालली आहेस.

मी जागी होते. सकाळी तुझ्या वाढदिवसाला आणलेली बाहुली तू मला हातात घेऊ दिली नव्हतीस, म्हणून. मी श्वाससुद्धा रोखून धरला होता. तू किती रडतेस ते मला मोजायचं होतं.

नायिकेच्या सिनेमाचं वकीलबाईंना कितपत उपयोगी आहे, मला माहीत नाही, पण लिहिते. पंधराव्या वर्षानंतर तुला कुणी विचारलं नाही. चार वर्षं तू डबिंगच्या काळोख्या खोलीत उभी राहून दुसऱ्या लहान मुलांचे आवाज काढलेस. आई म्हणायची, "कुणी तोंड बघायला तयार नाही, निदान घसा तरी विक." मग विसाव्या वर्षी तो सिनेमा आला. नायिकेचं काम. पहिल्याच आठवड्यात रडण्याचा प्रसंग लागला आणि तुला रडू येईना. एकतीस वेळा तो शॉट झाला. ग्लिसरीन घातलं तर डोळे सुजले. एकतिसाव्यानंतर तू सर्वांसमोर दिग्दर्शकाला म्हणालीस, "माझ्या बहिणीला बोलावता का?"

मला गाडी पाठवून आणलं. मी सतरा वर्षांची होते, अकरावीची परीक्षा बाहेरून देत होते. मी कॅमेऱ्याच्या शेजारी लाकडी बाकावर आडवी झाले. चादर सापडेना म्हणून कुणीतरी टेबलक्लॉथ आणला. माझे पाय बाहेर राहिले. पायांत तुझ्याच जुन्या चपला होत्या.

आणि तू हसलीस. आधी तोंड दाबून, मग दाबता येईना इतकी. खाली बसलीस, पोट धरलंस. मीही टेबलक्लॉथखाली हसायला लागले, टेबलक्लॉथ हलायला लागला, ते बघून तू आणखी. दिग्दर्शक म्हणाला, "पॅक-अप." दुसऱ्या दिवशी दुसरी नायिका आली.

आई घरी येऊन म्हणाली, "आता तुझ्यासाठी कुणी खरंच मेलं तरी तुला रडू यायचं नाही." तू त्या डबिंगच्या खोलीतल्या ध्वनिमुद्रकाशी लग्न करून गेलीस, आणि तो तुला सोडून गेला तेव्हा पोटात मुंगी घेऊन परत आलीस. मग फिरत्या नाटक कंपनीत विनोदी मोलकरणीची कामं घेतलीस. चार वर्षांच्या मुंगीला आमच्याकडे ठेवलंस, मालिकेसाठी आईला पालक म्हणून सही करून दिलीस. तेव्हा तुला वाटलं असेल की आई म्हातारी झाली, मऊ झाली असेल. मलाही तसं वाटलं होतं.

तुझी,
धाकटी


शुक्रवार, १३ मार्च

ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं की मुंगीला मावशी गेली असं सांगतात आणि चादर माझ्यावर टाकतात. हे खोटं आहे. हे चुकून झालेलं नाही.

तुझं उत्तर काल आलं. तुला ते खरं वाटलं. तू लिहिलंस, "निदान तू तिच्यासमोर उठून बसतेस ना. मला एवढं पुरे आहे." ते वाचून मी पत्र घेऊन मोरीत जाऊन बसले. तुला एवढं पुरे होऊ नये असं मला वाटतं, म्हणून लिहिते.

मुंगीला सांगितलं आहे की तू गेलीस. ताई, तू. तिची आई. चौदा महिने झाले.

पिल्लू परत आलं त्याच आठवड्यात. शॉट अडकला होता, दिग्दर्शक घड्याळ बघत होता. आई उकिडवी बसली, कॉलर सारखी केली आणि कानात म्हणाली, "तुझी आई मेली, सोन्या." मी दोन हातांवर उभी होते, ऐकलं. मुंगीने आधी आईच्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळली आणि विचारलं, "मावशी, खरं का?"

सगळे थांबले होते. दिवे लागलेले होते. आईने माझ्याकडे बघितलं नाही, तिला बघायची गरज नव्हती. मी मान हलवली. नाटकातला डॉक्टर हलवायचा तशी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मी ती चौथ्या वर्षापासून बघत आले होते.

त्या शॉटचं तुला माहीत आहे. तू लॉजच्या टीव्हीवर पाहिलास तो तोच. आता तोच तुकडा मालिकेच्या सुरुवातीला रोज दाखवतात.

मला वाटलं होतं घरी गेल्यावर सांगू की खोटं होतं. जसं तुझ्या बाबतीत, पडदा पडला की मी डोळे उघडायचे. पण आई रिक्षात म्हणाली, "परत उठवायचं नाही. थोरलीच्या वेळी मी ती चूक केली. रोज उठवलं म्हणून विसाव्या वर्षी ती हसली." मग मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "हिचं मी पक्कं काम करणार आहे."

म्हणून मुंगी तुझी आठवण काढत नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं ते खोटं नव्हतं. तिला तुझं नाव म्हणजे काम वाटतं. तुझं नाव आईने काढलं की ती आरशात बघून केस मागे सारते.

तू दोनदा आलीस, तेव्हा पहारेकऱ्याने तुला फाटकातून परत पाठवलं. तो दुसऱ्या वेळचा दिवस आठवतो? मुंगी वरच्या मजल्यावर मेकअपच्या खुर्चीत होती. तिने खिडकीतून तुला बघितलं. काकूंच्या हातातून ब्रश पडला. मुंगी म्हणाली, "ती बाई माझ्या आईसारखी दिसते." मी म्हणाले, "दिसणारच, मेलेल्या माणसासारखी दिसणारी माणसं असतातच." पडदा मी ओढला. आईने सांगितलं नव्हतं. आई तेव्हा खाली होती.

कागद अर्धा उरला आहे, तो मी रिकामा पाठवणार नाही. मान का हलवली ते लिहिते. आईची भीती होती, पण तेवढंच कारण नव्हतं. मुंगी आमच्याकडे आली तेव्हा रोज तुझ्या नावाने रडायची आणि माझ्या हातचं काही खायची नाही. मी तिला अक्षरं शिकवायला बसले की म्हणायची, "माझी आई आल्यावर तिच्याकडे शिकेन." तू गेल्याचं कळल्यावर आठ दिवसांनी ती माझ्या अंथरुणात आली. माझ्या पोटाला पाठ लावून झोपली. तेव्हापासून रोज येते. सेटवर कुणी मोठ्याने बोललं की माझ्या ओढणीत शिरते. मला कुणी कधी असं धरलं नव्हतं, ताई. मी चार वर्षांची असल्यापासून माझं काम मेल्यासारखं पडून राहण्याचं होतं, मला धरायला येणारं माणूस बोट खुपसायचं.

मला ते हवं होतं. चौदा महिने मला ते हवं होतं आणि मी ते ठेवून घेतलं.

तू माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिही. वकीलबाईंना हे पत्र दाखव. माझं नाव खोडू नकोस.

धाकटी


बुधवार, १८ मार्च

ताई,

तुझं पत्र मंगळवारी सकाळी मिळालं. तीनच ओळी होत्या. मी त्या इथे पुन्हा लिहिते, म्हणजे मी त्यांतलं काही बदललेलं नाही हे तुला कळेल. "पोरीला घेऊन ये. कधी ते कळव. तू गाडीतून खाली उतरू नकोस."

मी उतरणार नाही.

पण आधी पुढच्या मंगळवारचं सांगते, कारण त्यामुळे दिवस ठरतो. मंगळवारी, चोवीस तारखेला, मालिकेत मुंगीची आई मरते. ती नटी दुसरीकडे गेली आहे म्हणून तिला मारून टाकत आहेत. चेहरा झाकलेलाच राहणार, तेव्हा नटीची गरज नाही. आईने निर्मात्याला सांगितलं की बाईचं शरीर आमच्याच घरचं देऊ. माझं. तुझी मागे राहिलेली निळी साडी ट्रंकेतून काढून इस्त्रीला दिली आहे. माझ्या पायांची बोटं तुझ्यासारखी आहेत, तेवढी उघडी ठेवायची.

मुंगीला आधीपासून सांगायचं नाही असं ठरलं आहे. थेट दिव्यांखाली आणायचं. आई जेवताना दिग्दर्शकाला फोनवर सांगत होती. "आजवर नुसतं ऐकलंय पोरीने. या खेपेला बघू दे. कॅमेरे तीन लावा, दुसऱ्यांदा मिळायचं नाही." पलीकडून तो काहीतरी म्हणाला असावा, कारण आई हसून म्हणाली, "अहो, मुलं विसरतात. माझी थोरली बघा, आता लोकांना हसवते."

वकीलबाईंचे कागद कधी व्हायचे ते होवोत, मंगळवार त्यांच्यासाठी थांबणार नाही.

तुझं पत्र यायच्या आधीच मी मुंगीला खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. रविवारी दुपारी आई झोपली होती. आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. मी म्हणाले, "मुंगी, तुझी आई जिवंत आहे. आम्ही खोटं सांगितलं होतं."

तिने हातातला चिमटा दोरीला लावला. मग माझ्याकडे वळून उभी राहिली, हनुवटी जराशी वर, जशी दिव्यांसमोर राहते. म्हणाली, "हे कुठल्या सीनचं आहे?"

मी म्हणाले, "सीनचं नाही गं. खरंच आहे."

"आजी पण 'खरंच' म्हणते." मग म्हणाली, "हसायचं की रडायचं ते सांग ना. मावशी, तू नीट सांगत नाहीस."

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग स्वतःच हसून बघितलं. चांगलं हसली. खालचा दात पडला आहे तिचा, आईने तिथे बसवायला खोटा करून आणला आहे, पण रविवारी तो काढलेला होता. मग मी तशीच बघत राहिले म्हणून तिने रडून बघितलं. दोन्ही डोळ्यांतून एकदम पाणी आलं. नंतर पुसलं आणि म्हणाली, "कोणतं घेतलं?"

ताई, हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. तुला ती गाडीच्या दारात भेटेल तेव्हा असंच होईल, आणि तेव्हा मी खाली नसेन, म्हणून आत्ताच लिहिते आहे. तू तिला जवळ घेशील आणि ती तुझ्या खांद्यावरून कॅमेरा शोधेल. 'मी तुझी आई' असं म्हणू नकोस, ते तिने खूपदा ऐकलं आहे, नट्या म्हणतात. तिला पटवत बसू नकोस. आधी दूध दे. तिला साय आवडत नाही, काढून दे. तिला शूज घट्ट होतात. आईने मुद्दाम एक माप लहान घेतले आहेत, पाय वाढू नयेत म्हणून. ते लगेच काढ. अक्षरं मी शिकवली आहेत, बाराखडी पूर्ण येते, जोडाक्षरं अर्धी. रात्री ती पाठ लावून झोपते. तोंड आपल्याकडे नसतं म्हणून तिला राग आहे असं समजू नकोस. आणि निदान पहिले काही दिवस तिच्यासमोर रडू नकोस. तू रडलीस तर ती कोण गेलं ते विचारेल, आणि तिला खरं उत्तर हवं असतं म्हणून नाही, तयारी करायला.

आता गाडीचं. मी तीनदा जाऊन खात्री करून आले आहे.

सोमवारी शूटिंगला सुट्टी आहे. आई दर महिन्याप्रमाणे सकाळी साडेसहाला रक्त तपासायला जाते, उपाशी पोटी, आणि तिथे रांग असते, म्हणून साडेआठच्या आत परतत नाही. मला आणि मुंगीला आठ वाजता कपडेपटात मापं द्यायला जायचं आहे, तेव्हा आम्ही घरातून निघालो तर शेजारच्या बाईला काही वाटणार नाही. आम्ही पावणेसातला निघू. मुंगीचं सामान मी नेणार नाही, पिशवी दिसली तर विचारतील. तिच्या फ्रॉकवर फ्रॉक घालीन. जन्माचा दाखला माझ्याकडे आहे, आईच्या कपाटातून सोमवारी सकाळी नाही, कालच काढून घेतला. त्या जागी तेवढ्याच आकाराचा दुसरा कागद ठेवला आहे. मला खोटे कागद ठेवता येतात, हे तुला माहीत आहेच.

सात दहाची गाडी आहे. तुमच्या स्टँडवर ती अडीच वाजता पोचते आणि दहा मिनिटं थांबून पुढे जाते. मी माझं तिकीट शेवटच्या थांब्याचं काढलं आहे, मुंगीचं तुमच्या गावाचं. आरक्षणाच्या खिडकीवरच्या माणसाने दोनदा विचारलं, "पोर मधे एकटी उतरणार?" मी म्हणाले, "तिची आई घ्यायला येणार आहे." हे वाक्य मी चौदा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. "मग ठीक आहे," म्हणाला आणि तिकीट फाडलं.

पुढच्या दाराशी उभी राहा. मी मागच्या सीटवर असेन, मुंगीला पुढे चालत पाठवीन. ती वळून माझ्याकडे बघेल. मान हलवायची नाही एवढं मी ठरवलं आहे. हात पुढे करून 'जा' म्हणेन.

शेवटच्या थांब्यावर उतरल्यावर मी कुठे जाईन ते तू विचारलेलं नाहीस, आणि मी लिहीत नाही. मंगळवारी दिव्यांखाली त्या निळ्या साडीत कुणी नसेल. आई आल्या-गेल्याला विचारत फिरेल, आणि मग, मला ती माहीत आहे, शूटिंग थांबू नये म्हणून दुसरं कुणीतरी शोधेल. बदली पोर मिळायलाही तिला दोन दिवस लागणार नाहीत. म्हणून वकीलबाईंना सांग की कागद थांबवू नका. माझी ही चारही पत्रं त्यांच्याकडे दे. त्यांच्या आधीचं ग्लिसरीनचं पत्रही दे. त्यात मी खोटं लिहिलं आहे, तेही त्यांना दिसायला हवं.

हे पत्र काकूंच्या हातून कुरिअरने पाठवते आहे. शुक्रवारी तुला मिळेल. मिळालं की काकूंच्या फोनवर फक्त एकदा रिंग दे आणि ठेवून दे. रिंग आली नाही तरी आम्ही निघणारच आहोत, सोमवारी, तेवीस मार्चला.

धाकटी